नेत्यांची जुनी विधानं एआयने उकरून काढावीत का?

तळटीप (धागाकर्ता)
२०१९ च्या लोकसभेला मनसेचा एकही उमेदवार नव्हता, तरी गाजल्या त्या राज ठाकरेंच्याच सभा. ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हटलं की पडद्यावर मोदींचं जुनं भाषण. मेळघाटातल्या हरिसालच्या ‘डिजिटल गावा’च्या जाहिरातीतला तरुण तर त्यांनी थेट मंचावर आणला. पाच वर्षांनी, २०२४ च्या गुढीपाडव्याला, शिवाजी पार्कवर त्याच राज ठाकरेंनी मोदींना बिनशर्त पाठिंबा दिला. तेव्हा त्यांचे व्हिडिओ लावायला कोण होतं?

भाषण ऐकून उतरवून घेणं, तारीखवार लावणं, एकाच विषयावरची दहा वर्षांतली विधानं शेजारी शेजारी ठेवणं, हे आता एआय करतं. लंडनची फुल फॅक्ट ही संस्था तपासण्याजोगे दावे हुडकायला ते वापरतेच. आपल्याकडे सभा, मुलाखती, सभागृहातली भाषणं यूट्यूबवर पडून आहेत. निवडणुकीआधी प्रत्येक उमेदवाराची अशी वही लोकांपुढे का ठेवू नये?

पाटावरवंटा
ठेवा की. वाचणार कोण? फडणवीसांचं अजितदादांवरचं ‘चक्की पिसिंग’ महाराष्ट्रात कोणाला पाठ नाही? एकवेळ अविवाहित राहू पण राष्ट्रवादीशी युती नाही, हेही फडणवीसच म्हणाले होते. जुलै २०२३ मध्ये अजितदादा सरकारात उपमुख्यमंत्री झाले, आणि २०२४ ला लोकांनी महायुतीच्या तीन पक्षांना मिळून २३० जागा दिल्या. विसरले म्हणून नाही, सगळं लख्ख आठवत असताना दिल्या. तुमचा एआय नसलेल्या दुखण्यावर औषध देतोय.

मोगरा
व्वा, उदाहरणं बरोब्बर एकाच बाजूची! शिवसेनेने उभं आयुष्य काँग्रेसच्या नावाने शंख केला आणि २८ नोव्हेंबर २०१९ ला त्याच काँग्रेसच्या जिवावर मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, ते राहिलं वाटतं. उद्या एआयपुढे बसणाराही असाच वेचून वेचून काढणार, वर ‘मशीनने काढलंय बुवा’ म्हणून हात झटकणार. आयटी सेलला आयतं कोलीत.

तळटीप
मोगरा, म्हणूनच सगळ्यांची वही हवी, नुसती नावडत्यांची नको.

पाटावरवंटा, लोक युत्या माफ करतात, कबूल. पैशाच्या वचनाचं तसं नसतं. लाडक्या बहिणींना २१०० देऊ म्हणाले, २०२५ च्या अर्थसंकल्पात १५०० च राहिले. जाहीरनाम्यात कर्जमाफी होती, आणि मार्च २०२५ मध्ये अजित पवारांनी बारामतीत सांगितलं की ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा. इथे नेमके शब्द, नेमकी तारीख लागते. नाहीतर ‘मी असं कधी म्हणालो?’ ठरलेलंच.

लघुलेखक
नेमके शब्द म्हणालात म्हणून लिहितो. अशी एक प्रणाली वापरून पाहिली. आमदार सभेत तावातावाने म्हणत होते, “पाणी येणार नाही म्हणजे काय, आलंच पाहिजे!” सारांशात आलं: ‘पाणी येणार नाही, असे आमदारांनी स्पष्ट केले.’ आपल्या भाषणांत निम्मा मजकूर टोमण्यात असतो. वऱ्हाडी किंवा मालवणी वक्ता असेल तर बघायलाच नको. सारांश अजिबात छापू नका. तारीख, मिनिट आणि मूळ चित्रफितीचा दुवा एवढंच द्या, ऐकणारा ऐकेल.

शिवाय सभागृहात अध्यक्षांनी कामकाजातून वगळलेले शब्द चित्रफितीत तसेच राहतात. वगळलेला मजकूर छापला म्हणून पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ दैनिकावर विधानसभेने हक्कभंगाची कारवाई सुरू केली होती, आणि १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विधानसभेचीच बाजू उचलून धरली. नोटीस यंत्राला येत नाही, तुमच्या घरी येते.

सायबरकट्टा
दुसरी बाजूही बघा. २०२४ च्या विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्री बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याच्या आरोपावरून सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या म्हणून ध्वनिफिती फिरल्या. तपासणाऱ्यांना बहुतेक फिती एआयने बनवलेल्या आढळल्या, पण तोवर लोक रांगेत उभे. उलट २०२३ मध्ये तमिळनाडूचे मंत्री पलानीवेल त्यागराजन यांनी आपल्या नावच्या फिती बनावट ठरवल्या, तर एक फीत तज्ज्ञांना खरी वाटली. म्हणजे खोटं खपतं आणि खरं झटकता येतं. तुमच्या वहीत मूळ चित्रण कोणी, कुठे केलं हे नसेल तर ती रद्दीत.

लघुलेखक
+१. मूळ चित्रण नाही तर नोंद नाही.

वॉर्ड_क्रमांक
मला तुम्हा सगळ्यांचं आश्चर्य वाटतं. मोठ्या नेत्यांच्या मागे वाहिन्या आहेत, मीम बनवणारी पोरं आहेत. त्यांचं जुनं बोलणं कधी हरवतच नाही. हरवतं ते नगरसेवकाचं. आमच्याकडे नाल्यावरच्या पुलाचं आश्वासन सर्वसाधारण सभेत दिलं गेलं. इतिवृत्त आहे, पण वाकडं स्कॅन केलेलं, अर्ध्या ओळींवर शिक्का. शोधून शोधणार कसं? एआय तिथे लावा. तिथे पाचशे मतांनी निकाल फिरतो, आणि पूल झाला की नाही हे मतदाराला खिडकीतून दिसतं.

पाटावरवंटा
हे मात्र पटलं. पण मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि पुढे जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक. त्या काळात सभाच नव्हत्या, तर एआयला ऐकवणार काय?

वॉर्ड_क्रमांक
प्रशासकाच्या सहीचे ठराव तर आहेत ना! सही त्याची असली तरी पाठपुराव्याची पत्रं माजी नगरसेवकांचीच. आता तेच फ्लेक्सवर ‘करून दाखवलं’ म्हणतात.

तळटीप
माझा आग्रह आमदार-खासदारांचा होता आणि तो सोडलेला नाही. पण सुरुवात इतिवृत्तांपासून करू. कोणाकडे २०१७ ते २०२२ ची पीडीएफ असतील तर कळवा, वाकडी चालतील.