दिवाळी झाली, पाऊस सरला; आता परसात काय काय उरकावं?

लातूरची_परसबाग:
नमस्कार. घरामागं २० बाय ३० फुटांचं परस आहे. काळी माती, बोअरचं पाणी. परतीचा पाऊस थांबून महिना होत आला, जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्यात. केशर आंब्याचं कलम ६ वर्षांचं झालं, पालवी भरपूर पण मोहोर एकदाही नाही. मी रोज दोन बादल्या पाणी घालते. मेथी, लसूण आत्ता लावला तर चालेल का? तुळशीचं लग्न लागेपर्यंत मला सुट्टी आहे.

परभणीच्या_काकू:
बाई, आधी त्या दोन बादल्या बंद कर. आंब्याला या दिवसांत पाणी मिळालं की तो पालवीच काढतो. ताण बसला, वर थंडी पडली, की मोहोराचं बघतो. मीही आमच्या कलमाला चार वर्षं लेकरासारखं पाणी पाजलं. २०१५ ला पाऊसच झाला नाही, हिवाळाभर झाडाला थेंब मिळाला नाही, आणि संक्रांतीनंतर ते मोहोरानं लदलं! कैऱ्या मात्र टिकल्या नाहीत, कारण त्या उन्हाळ्यात द्यायला पाणीच नव्हतं. २०१६ चा तो उन्हाळा तुला सांगायला नको, तुमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. म्हणून आत्ता थांब, आणि कैरी वाटाण्याएवढी झाली की पाणी सुरू कर.

दुसरं काम भेगांचं. शाळूत, म्हणजे रब्बी ज्वारीत, भेगा बुजवायला कोळपं घालून वरची माती हलवतात ना, तेच खुरप्यानं कर. दोन बोटं खोल, जास्त नको. भेग उघडी राहिली की खालची ओल तिच्यातून उडून जाते आणि मुळं तुटतात ती वेगळी. वर सोयाबीनचं भुसकट वीतभर पसर. आत्ता मळणी झालेली आहे, कुणीही पोतंभर देईल. बुंध्यापासून मात्र हातभर लांब ठेव, नाहीतर वाळवी चढते.

लसूण खुशाल लाव. गड्डा फोडून पाकळ्या सुट्या कर, साल काढू नकोस. मधल्या बारक्या फोडणीला ठेव, बाहेरच्या टपोऱ्या वाफ्यात. टोक वर, बूड खाली, चार चार बोटांवर. मेथी सगळी एकदम पेरू नकोस, दर पंधरवड्याला एक पट्टी पेर, म्हणजे ताटात कोवळी येत राहते. धणे लाटण्याखाली हलके रगडून दोन फोडी करून पेर.

आणि कच्चं शेण टाकू नकोस गं. एका साली मी घाईनं टाकलं. महिन्याभरात वांग्याची रोपं माना टाकायला लागली. उपटून पाहिलं तर मुळाशी पांढऱ्या, वाकड्या हुमणीच्या अळ्या, तांबड्या डोक्याच्या. वाफाच्या वाफा गेला. अजून वाईट वाटतं.

सेलूकर:
काकूंचं खरं आहे. एक भर घालतो. परभणी क्रांती भेंडी लावली असेल तर निरोगी झाडावरच्या चार-पाच शेंगा तोडू नका, वाळू द्या. हे वाण आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाचं आणि सरळ आहे, म्हणजे संकरित नाही, बी घरचं चालतं. शेंग तडकायला लागली की बी काढून राखेत घालून ठेवा. केवडा रोग पडलेल्या, पानाच्या शिरा पिवळ्या झालेल्या झाडाचं घेऊ नका.

लातूरची_परसबाग:
काकू, आजपासून बादल्या बंद. भुसकट शेजारच्या काकांनी दिलं. पण आंब्याच्या खोडावर मातीच्या रेघा आहेत, ती वाळवीच का? आणि मोगऱ्याचं काय करू?

परभणीच्या_काकू:
वाळवीच. माती खरडून काढ, आणि मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर या प्रमाणात पेस्ट करून कमरेएवढ्या उंचीपर्यंत खोडाला लाव. तुला एका झाडाला दहावा हिस्सा पुरेल. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र कर, आणि लोखंडी बादली नको, प्लास्टिकची घे. मोगऱ्याचं पाणी आत्ता कमी कर, छाटणी पौषात. कुंडीतल्या झाडांना सकाळी पाणी दे. कडाक्याची थंडी पडली की संध्याकाळी भिजवलेली माती रात्रभर गार राहते.

मोहोर आला की फोटो टाक, मी वाट बघते.