शब्दचर्चा: येशूचा ‘आदर्श’, ‘अनुकरण’ की ‘कित्ता’?

प्रश्न (वेंगुर्ला)
शब्बाथशाळेच्या (चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणवर्गाच्या) आठवी-नववीच्या वर्गासाठी फलकावर विषय लिहायचा आहे. ‘येशू आपला आदर्श’, ‘येशूचे अनुकरण’ आणि ‘येशूचा कित्ता’ असे तीन पर्याय आहेत. तिन्हींत नेमका फरक काय? मुलांना ‘रोल मॉडेल’ लगेच कळतं, तेच ठेवलं तर?

वसई
‘कित्ता’ घ्या. १ पेत्र २:२१ मध्ये मराठी बायबलने हाच शब्द वापरला आहे आणि तो फार नेमका बसलाय. तिथला मूळ ग्रीक शब्द ‘हुपोग्राम्मोस’, म्हणजे मुलांनी बघून लिहावं म्हणून गुरुजींनी काढून दिलेलं अक्षर. अख्ख्या नव्या करारात तो एकदाच येतो.

क्रियापदं मात्र सांभाळा. कित्ता ‘घालून देतो’ तो गुरू, ‘गिरवतो’ तो शिष्य. ‘येशूने कित्ता गिरवला’ असं फलकावर गेलं तर अर्थच उलटा होईल.

‘आदर्श’ला हरकत नाही, पण आज तो फार उंचावर जाऊन बसलाय. आदर्श शाळा, आदर्श गाव, आदर्श शिक्षक पुरस्कार. त्याच्याकडे बघतात, हार घालतात आणि घरी जातात. ‘रोल मॉडेल’चं तेच झालंय, आणि ते दर हंगामाला बदलतं. कित्त्यापुढे मात्र हात चालवावाच लागतो.

रेवदंडा
‘आदर्श’वर थोडा अन्याय होतोय. संस्कृतात आदर्श म्हणजे दर्पण, आपला ‘आरसा’ त्याच शब्दातून आलाय. २ करिंथ ३:१८ मध्ये प्रभूचं तेज आणि आरसा एकत्र येतात, तो धडा घेणार असाल तर ‘आदर्श’ उत्तम.

‘अनुकरण’ही बायबलचाच शब्द. १ करिंथ ११:१ मध्ये प्रेषित पौल म्हणतो, ‘माझे अनुकरण करणारे व्हा’, पण त्याच वाक्यात आपण स्वतः ख्रिस्ताचं अनुकरण करतो हेही सांगतो. ती अट गाळून हे वचन शिकवू नये. बोलीत मात्र अनुकरणाला ‘अंध’ हे विशेषण पटकन चिकटतं. ‘री ओढणे’ तर इथे मुळीच नको, त्यात स्वतःची समज नसते.

‘अनुसरणे’ वेगळं: ‘येशूचे अनुकरण’, पण ‘येशूला अनुसरणे’. अनुकरण कृतीचं असतं, अनुसरण माणसाच्या मागे चालण्याचं. लूक ९:२३ मध्ये वधस्तंभ उचलण्याआधी ‘दररोज’ आहे. मत्तय आणि मार्क यांच्या त्याच वचनात तो शब्द नाही.

वसई
अटीचा मुद्दा कित्त्याच्या वहीत डोळ्यांना दिसतो. वरची ओळ गुरुजींची. मुलाची पहिली ओळ बरी येते, सहावी बिघडते, कारण मूल वरची ओळ बघणं सोडून स्वतःचीच आधीची ओळ बघून लिहू लागतं. चूक ओळीगणिक वाढते. उपाय म्हणजे दर दोन ओळींनंतर पुन्हा नमुन्याची ओळ. वर्गात फक्त फादर, आजी, संत यांचीच उदाहरणं दिली की हेच होतं. प्रत्येक उदाहरणानंतर शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला, उतारा पुन्हा उघडा.

संतांचं उदाहरण देतानाही ‘थोर होते’ यावर थांबू नका. वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेले, १८६२ मध्ये संत घोषित झाले. तो मृत्यू मुलांनी गिरवायचा कसा? पण ते आधी व्यापारी होते, मग फ्रान्सिस्कन धर्मसंघात बंधू झाले, आणि उत्तम जपानी येत असल्याने दुभाष्याचं काम करत. लोकांची भाषा शिकणं हे गिरवता येतं.

प्रश्नकर्ता (वेंगुर्ला)
पटलं. पण ‘कित्ता’ आमच्या मुलांना माहीत नाही. त्यांना तो फक्त पेपरातल्या ‘वडिलांचाच कित्ता गिरवला’ मध्ये भेटतो, तोही टोमणा म्हणून.

रेवदंडा
मग सोबत ‘वळण’ वापरा. अक्षराला वळण असतं आणि माणसालाही, हा शब्द घराघरात आहे. ‘येशूचा कित्ता, आपलं वळण’ असा फलक करा. पहिल्या तासाला चार रेघी वही द्या, नमुन्याची एक ओळ काढून द्या आणि दहा मिनिटं लिहू द्या, शब्द आपोआप कळेल.

त्यानंतर ‘येशूसारखे प्रेमळ व्हा’ असं मोघम लिहू नका, त्यातून सोमवारी करायचं काहीच निघत नाही. करता येईल ती कृती लिहा. १ पेत्र २:२३ वरून: शिवी आली तरी उलट शिवी द्यायची नाही. योहान १३ मध्ये तर पायऱ्याच आहेत. येशू जेवणावरून उठला, बाह्यवस्त्र काढून ठेवलं, रुमाल कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं, पाय धुतले, पुसले. आणि लगेच पंधराव्या वचनात कित्ता घालून दिल्याचं सांगितलं.

वसई
पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, आमच्याकडे कॅथलिक चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. २०१६ पासून त्यासाठी स्त्रियांचीही निवड करता येते. पण धुवायचे पाय बहुधा घरून स्वच्छ धुऊनच आणलेले असतात. मुलांना सांगताना विधीवर थांबू नका. त्या काळी ते नोकराचं काम होतं, म्हणून येशूच्या शिष्याने, पेत्राने, आधी नकार दिला. घरात कुणालाच नको असलेलं काम कोणतं, ते मुलांनाच शोधू द्या. मासळीचं भांडं घासणं, आजोबांचं अंथरूण झटकणं, असं काहीही निघेल. ते एक काम आठवडाभर त्यांचं.

आणि फलक रंगवणाऱ्याला आधीच बजावा: ‘कित्ता’ला ‘त’ जोड आहे. सामान्यरूप ‘कित्त्या’, म्हणून ‘कित्त्याप्रमाणे’. ‘कित्ताप्रमाणे’ नको.