मदत हवी आहे: पावसाळ्यात स्वॅब सुकत नाहीत

कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये लेखी संमती, तपासणी आणि नमुने घेणं डॉक्टर मॅडम करतात. सुकवणं, पाकिटं, लेबलं माझ्याकडे. अशा तपासणीबद्दलच्या केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना हाताशी आहेत.

अडचण हवेची आहे. जुलैत स्वॅबचा, म्हणजे शरीरावरून नमुना घ्यायच्या काडीचा, कापूस दोन तासांनीही ओलसरच दिसतो. तसाच बंद केला तर बुरशी धरते, डीएनए खराब होतो. म्हणून कागदी पाकिटंच वापरतो. उन्हात किंवा हीटरजवळ काही ठेवत नाही. पंखा लावून पाहिला, पण शेजारी कागदावर पसरलेल्या ओढणीवरचा एक केस हलताना दिसला; पुरावाच उडून जाईल म्हणून लगेच बंद केला. सुकवायची कॅबिनेट मागितली आहे, अजून मिळालेली नाही.

नमुने न्यायला पोलीस बहुधा सकाळीच येतात. तोवर सीलबंद पाकिटं कुलपात, ड्युटी बदलताना वहीत वेळ आणि दोघींच्या सह्या.

त्या बाईने एवढं सोसून दिलेला नमुना आमच्या हातून वाया जाऊ नये, एवढीच तळमळ आहे.

दमट भागात कॅबिनेटशिवाय स्वॅब कसे सुकवता? आणि ज्यांनी कोर्टात साक्ष दिली आहे, त्यांना ताब्याच्या नोंदीबद्दल (नमुना कधी कुणाकडे होता) नेमकं काय विचारलं गेलं?