टिकटिक गायब का होते?

किल्ली द्यायच्या, खिशात ठेवायच्या जुन्या घड्याळाचा फोटो आणि आवाज जोडून छोटा व्हिडिओ करायचाय, पण फोनवर रेकॉर्ड करताना टिकटिक मधूनच गायब होते, असा प्रश्न आहे. माइक बिघडलेला नसणार. फोनचं नॉइज सप्रेशन (गोंगाट कमी करणारी सोय) बोलणं जपतं आणि एकसुरी बारीक आवाज गोंगाट समजून दाबून टाकतं. ते आणि ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय), दोन्ही बंद करता येतील असं रेकॉर्डिंग ॲप घ्या. फाइल वेव्ह (WAV) प्रकारात, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा. पंखा, फ्रिज बंद.

माइक ५ ते १० सेंटिमीटरवर. घड्याळ टॉवेलच्या घडीवर ठेवलं तर आवाज कोरडा, नेमका येतो. रिकाम्या लाकडी खोक्यावर ठेवलं तर खोकं घुमून तो भरदार होतो. दोन्ही करून बघाच! पिएझो माइक (वस्तूला चिकटवून तिची थरथर टिपणारा) रेकॉर्डरला थेट जोडू नका, आवाज पत्र्यासारखा पातळ येतो; त्याला मध्ये साधारण १ मेगाओम इनपुटचा प्रीॲम्प (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) लागतो.

खोलीची शांतता ३० सेकंद वेगळी रेकॉर्ड करा आणि आवाजाचे तुकडे जोडताना खाली वापरा, नाहीतर प्रत्येक जोड कानाला खटकतो.

व्हिडिओत घड्याळाचा फोटो आधी दाखवू नका. काळ्या पडद्यावर ३-४ सेकंद किल्लीची करकर, मग झाकणाचा टक्, आणि त्या टक्‌वर फोटो. निवेदन त्यानंतरच. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कॅप्शनमध्ये नुसतं ‘आवाज’ न लिहिता ‘किल्लीचे सात आटे, शेवटचा जड’ असं लिहा.