स्नेहलच्या दोन फुटी टँकमध्ये कोण कोण राहील?

स्नेहल, बी-४०३: नमस्कार मंडळी. ओमच्या वाढदिवसाला दोन फुटी फिश टँक घेतलाय. दुकानदाराने यादी दिली आहे: गोल्डफिश २, एंजल २, टायगर बार्ब ४, निऑन ६, फायटर १, सकर १. सगळे एकत्र राहतात म्हणाला. देशमुखकाका, एकदा नजर टाकाल का? रविवारी आणायचे आहेत.

देशमुखकाका, ए-१०१: स्नेहल, आणायच्या आधी विचारलंस हे फार बरं केलंस. ही मंडळी एका टँकमध्ये नांदणार नाहीत. आधी गोल्डफिश काढ. तो थंड पाण्यातला, १८ ते २२ अंशांत खूश. एंजल, फायटरला २५-२६ लागतात. शिवाय गोल्डफिश खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो.

देशमुखकाका, ए-१०१: आता एंजल. दुकानात रुपयाच्या नाण्याएवढा दिसतो. पूर्ण वाढला की लांबी १५ सेंमीपर्यंत जाते, आणि वरखालचे पर धरले तर उंची त्याहून जास्त. तुझ्या टँकची उंची १२ इंच, त्यात तळाला वाळू. निऑन मात्र ३-४ सेंमीचा सडपातळ. लहानपणी दोघं एकत्र छान दिसतात, एंजल मोठा झाला की एकेक निऑन गायब व्हायला लागतो. त्यात एंजलचा दोष नाही, तोंडात मावेल ते तो खाणारच.

स्नेहल, बी-४०३: बापरे. आणि टायगर बार्ब?

देशमुखकाका, ए-१०१: दिसायला देखणा, पण पर कुरतडायची सवय. एंजलच्या पोटाखाली दोन लांब बारीक पर लोंबतात ना, बार्ब आधी तेच तोडतात. मग शेपटीच्या कडा. एंजल फिल्टरमागे कोपऱ्यात तिरका होऊन उभा राहतो, खाणं टाकलं तरी पुढे येत नाही, आणि फाटलेल्या जागी कापसासारखी पांढरी बुरशी धरते. दुकानदार चार देतो तिथेच घोळ आहे. बार्ब झुंडीतला मासा. आठ-दहा असले की आपसातल्या पाठलागात गुंततात, तीन-चार असले की सगळा जोर शेजाऱ्यांवर. आणि मोठी झुंड असली तरी एंजल, गप्पी, फायटर यांच्यासोबत मी बार्ब ठेवणार नाही.

मानसी, सी-२०२: काका, फायटर गप्पीबरोबर चालतो ना? माझ्या भावाकडे आहेत, काही होत नाही.

देशमुखकाका, ए-१०१: मानसी, काही फायटर शांत निघतात, भावाचा तसा असेल. पण नर गप्पीची लांब रंगीत शेपटी बघून बऱ्याच फायटरना समोर दुसरा फायटर आल्यासारखं वाटतं आणि ते तुटून पडतात. त्याला १५-२० लिटरचा स्वतंत्र टँक द्यावा, वर झाकण, कारण उडी मारतो. तो वरची हवा घेऊ शकतो म्हणून दुकानात बाटलीत ठेवतात, पण घाण पाणी त्यालाही बाधतंच.

सावंतकाकू, बी-१०४: भाऊजी, गोल्डफिश तेवढे राहू द्या हो. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा ठेवतात.

देशमुखकाका, ए-१०१: वहिनी, श्रद्धेला माझी ना नाही. पण दोन फुटी टँकमध्ये पाणी जेमतेम ५० लिटर. गोल्डफिश वीतभर होतो, नीट सांभाळला तर दहा वर्षं सहज जगतो. नऊ ठेवायचे तर चार फुटीहून मोठा टँक हवा, तोही फक्त त्यांचाच. लहान टँकमध्ये ते एकेक करून मरतील, आणि ओमला ते बघावं लागेल.

रोहित, ए-६०५: काका, पाण्याचं काय? माझ्याकडे आरओचा टीडीएस मीटर आहे, पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो. आत्ता नळाला ५४० दाखवतोय. मंगळवारी कॉर्पोरेशनचं पाणी होतं तेव्हा ९० होतं.

देशमुखकाका, ए-१०१: रोहित, शाब्बास, हे सगळ्यात आधी बघायला हवं होतं. धरणाचं पाणी हलकं, टँकरचं बोअरचं पाणी क्षारांमुळे जड. निऑन मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातला, त्याला हलकं पाणी मानवतं. गप्पी, प्लॅटी जड पाण्यात छान राहतात. आपल्याकडे दोन्ही आलटून पालटून येतं, म्हणजे निऑनही बाद. जड पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचा आकडा, बहुतेक वेळा चढा असतो, आणि तो चढा असला की माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया जास्त विषारी ठरतो. म्हणून एकदम सगळं पाणी कधी बदलू नकोस. आठवड्याला पाव टँक बस.

जोशी, सेक्रेटरी: टँकर सोमवार, गुरुवार, शनिवार येतो. टँकची वाळू कृपया किचनच्या सिंकमध्ये धुऊ नये, मागच्या वेळी पाइप चोकअप झाला होता.

स्नेहल, बी-४०३: हो जोशीकाका, बादलीत धुईन. सकर तरी ठेवू का? काच साफ करतो म्हणे.

देशमुखकाका, ए-१०१: नको गं. दोन इंचाचा विकतात, होतो फूटभराहून मोठा, आणि शेवाळापेक्षा घाणच जास्त करतो. मग लोक तो नदीत नाहीतर तलावात सोडतात. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आता आपल्या नद्या-धरणांतही पसरलाय. त्याच्या खरखरीत काटेरी अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात. काचेला घासायचा मॅग्नेट आण, काम भागतं.

रोहित, ए-६०५: आणि मिस केरळ? फार सुंदर असतो.

देशमुखकाका, ए-१०१: सुंदर आहेच, आपल्या सह्याद्रीतलाच. पण त्याला थंड, वाहतं पाणी, झुंड आणि पोहायला चार फूट तरी लांबी लागते. शिवाय आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत तो धोक्यात आलेला आहे, नदीतून पकडलेला घ्यायला माझं मन होत नाही.

स्नेहल, बी-४०३: मग उरलं कोण?

देशमुखकाका, ए-१०१: नर गप्पी ६, नर प्लॅटी ३, ब्राँझ कोरी ६. गप्पी-प्लॅटी नरच घे, मादी आली की महिन्या-महिन्याला पिल्लं आणि टँक भरून जातो. कोरी तळाशी राहतात, त्यांना वाळू बारीक हवी, टोकदार खडीने मिशा झिजतात. उरलंसुरलं खाऊन भागेल असं नको, बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या द्यायच्या. थंडीसाठी ५० वॅटचा हीटर, २४-२५ अंशांवर.

स्नेहल, बी-४०३: रविवारी आणू ना मग?

देशमुखकाका, ए-१०१: रविवारी फक्त वाळू, झाडं, फिल्टर आणि पाणी. अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. माझ्या चालू फिल्टरमधला स्पंजचा तुकडा देतो, तो टाकलास तर लवकर होईल. मासे नसले तरी जिवाणूंसाठी रोज चिमूटभर खाणं टाकत जा. पाणी तपासून अमोनिया आणि त्यापासून होणारं, तितकंच घातक नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की आधी तीन गप्पी, बाकीचे हळूहळू. तोवर ओमला संध्याकाळी माझ्याकडे पाठव, खाणं घालायचं काम त्याचं.

स्नेहल, बी-४०३: सहा वाजता पाठवते काका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला अँटिक्लोरीन कुठलं आणू?

देशमुखकाका, ए-१०१: कुठलंही आण, बाटलीवर क्लोरीनसोबत क्लोरॅमीनही लिहिलेलं असू दे. आणि स्पंज न्यायला ओमच्या हातात टँकचंच पाणी भरलेला डबा दे, नळाच्या पाण्यात धुतला की क्लोरीनमुळे जिवाणू मरतात.