मदत हवी आहे : इलेक्ट्रिक स्कूटरचा मागचा टायर संपलाय, कोणता टाकू?

बिनपेट्रोली

नमस्कार मंडळी.

राहायला साताऱ्यात, नोकरी कोरेगावला. येऊन-जाऊन रोज साधारण ४० किलोमीटर, गेलं दीड वर्ष इलेक्ट्रिक स्कूटरवर. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पाचव्या प्रतिसादापासून 'तुमची कंपनी, आमची कंपनी' सुरू होईल. कामापुरतं सांगतो: मोटर मागच्या चाकातच आहे, दोन्ही टायर ९०/९०-१२ ट्यूबलेस. माझं वजन ८४ किलो, आणि सकाळी कॉलेजपर्यंत मुलगी मागे असते.

मागचा टायर १४,२०० किलोमीटरला संपला. खाचांमधल्या बारक्या उंचवट्यांना रबर येऊन टेकलंय. पुढचा मात्र अजून निम्मा शिल्लक आहे. आधीच्या पेट्रोल स्कूटरला मागचा टायर मी २५ हजार चालवला होता, त्यामुळे इथेच पहिला धक्का बसला.

तीन सल्ले मिळालेत.

शोरूम म्हणते, तोच टायर मागवावा लागेल, पंधरा दिवस, २,४०० रुपये.

ओळखीचे टायरवाले म्हणतात, "त्यो बारका टायर काढा सायेब, १००/९० टाका. बसतंय की. रोडला धरून चालंल गाडी." १,९०० रुपये.

ऑफिसातला मित्र म्हणतो, ॲक्टिव्हाच्या पुढच्या चाकाला हाच साइज असतो, तोच घे, १,६०० मध्ये काम होईल.

माझी काळजी दोन गोष्टींची. एक रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती किलोमीटर जाते ते. गाडी नवी असताना ८२-८५ मिळायची, आता ७५ वर आलीय, आणि ऑफिसात चार्जिंगची सोय नाही. दुसरी पावसाळ्याची. गेल्या जुलैत झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर मागचं चाक सर्रकन सरकलं. पडलो नाही, मुलगीही तेव्हा मागे नव्हती, पण तेव्हापासून पाऊस आला की खांदे आखडतात. रेंज आणि पकड एकाच टायरात मिळते का? आणि 'ईव्हीसाठी खास' असं लिहिलेले टायर खरंच वेगळे असतात, की नुसतं स्टिकर?

पंक्चरकाका

आधी मला दोन उत्तरं द्या, मग टायरचं बोलू. एक, टायर मधे झिजलाय की दोन्ही कडांना? दोन, हवा शेवटची कधी तपासली होती? खरं सांगा.

बिनपेट्रोली

काका, कडांना जास्त झिजलाय. हवा... दिवाळीत बघितली असावी. पेट्रोल पंपावर जाणंच बंद झालंय हो, तिथे गेलो की आपोआप हवा बघितली जायची.

पंक्चरकाका

हेच. माझ्याकडे आलेल्या निम्म्या इलेक्ट्रिक गाड्यांचं दुखणं हेच आहे. गाडी थंड असताना आज तपासून आकडा इथे टाका.

बिनपेट्रोली

लाज वाटतेय, पण लिहितो. गाडीच्या स्टिकरवर मागच्या चाकाचा हवेचा दाब ३२ पीएसआय आहे. निघाली २१.

आंबेनळी

मी माझ्या ९०/९० वाल्या गाडीला १००/९०-१२ टाकलाय, सहा महिने झाले. ऐटबाज दिसते, खड्ड्यात दणका कमी बसतो. रेंज तेवढी ८० वरून ७४ झाली. आणि डबल स्टँडवर लावली की मागचं चाक जमिनीला टेकतं, त्यामुळे साइड स्टँडच वापरतो. बाकी तक्रार नाही.

गणितज्ञ_नाही

आंबेनळी, तुमचं मागचं चाक का टेकतं ते आकड्यांत बघा.

९०/९०-१२ म्हणजे रुंदी ९० मिलिमीटर, उंची त्याच्या ९० टक्के म्हणजे ८१, आणि रिम १२ इंच. वरची-खालची उंची मिळवून चाकाचा व्यास होतो ४६७ मिलिमीटर. १००/९०-१२ चा होतो ४८५. म्हणजे चाक १८ मिलिमीटरने, जवळपास ४ टक्क्यांनी मोठं झालं. ९ मिलिमीटर खाली सरकलं तेच स्टँडला नडतंय. ९ वरही सरकलंय, तेव्हा दोन माणसं बसवून खड्ड्यात घालाल तेव्हा मडगार्डच्या आतून घासल्याच्या खुणा दिसतात का बघा.

आता गंमत. मीटर चाकाचे फेरे मोजतो, त्याला टायर बदललाय हे माहीत नसतं. तुमचा मीटर ७४ दाखवतो तेव्हा तुम्ही खरे ७७ किलोमीटर गेलेले असता. म्हणजे गेलेल्या ६ किलोमीटरपैकी ३ कुठेही गेलेले नाहीत, ते मीटरात हरवलेत. उरलेले ३ जड, रुंद टायरने खाल्ले. उलट बाजूने, मीटरवर ५० असताना तुम्ही ५२ ने चाललेले असता. पोलिसांच्या कॅमेऱ्याला हे गणित सांगून उपयोग नाही.

आंबेनळी

मडगार्ड बघितलं. घासलंय. 😐

पंक्चरकाका

बिनपेट्रोली, आता ऐका. काही कंपन्या मागे १००/८०-१२ देतात, त्याचा व्यास ९०/९० च्या जवळपास सारखाच भरतो. पण ते त्या गाडीची रिम आणि आजूबाजूची जागा धरून दिलेलं असतं. तुमच्या पुस्तकात ९०/९० लिहिलंय ना? मग तेच. टायरवाल्याच्या दुकानात जे पडलंय ते तुमच्या गाडीला 'बसतं', हा आमच्या धंद्याचा जुना नियम आहे.

टायर लवकर का गेला? गिअर नाही, क्लच नाही. सिग्नल सुटला की मोटरचा सगळा जोर पहिल्या फेऱ्यापासून मागच्या चाकावर येतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर जी गाडी स्वतःला आवरते, तीही त्याच चाकाने. त्यात ११ पीएसआय हवा कमी. २५ हजार कुठून मिळणार?

ॲक्टिव्हाच्या टायरचं मित्र चूक बोलत नाही. साइज तोच, बाजूवर बहुतेक ५४जे लिहिलेलं असतं. ५४ म्हणजे २१२ किलो भार, 'जे' म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेग. मागच्या टायरवर जे आहे त्यापेक्षा कमी आकड्याचा घेऊ नका. टायर कोणत्या दिशेने फिरायला हवा ते दाखवणारा बाणही बघा. काही टायरवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी वेगवेगळे बाण असतात, ते मागे चालतात. फक्त पुढच्यासाठी असं लिहिलेलं असेल तर १,६०० मध्येही नको.

तिखटमीठ

'ईव्हीसाठी' टायर निव्वळ स्टिकर नसतो, पण जादूही नसते. टायर जमिनीला टेकला की थोडा चेपतो आणि सुटला की फुगतो. दर फेऱ्याला त्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. रबराच्या मिश्रणात सिलिका वगैरे घालून ती गळती कमी करतात. स्वस्तात करायला गेलं तर रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. चांगल्या टायरला दोन्ही जमतं, पण पूर्ण नाही.

तुम्हाला ४० किलोमीटर लागतात आणि गाडी ७५ देते. मग दोन-चार किलोमीटरसाठी पकड का सोडायची? मी तरी पावसाकडे बघून घेईन. मुलगी बसते मागे.

अजून एक, नवा टायर टाकल्यावर रेंज थोडी कमीच होईल, तेव्हा घाबरून हा चर्चेचा धागा पुन्हा वर काढू नका. गुळगुळीत टायरमध्ये चेपायला रबरच कमी उरलेलं असतं, म्हणून तो हलका पळतो. पहिले दीडशे किलोमीटर वळणावर जपून, नवीन रबर वरून बुळबुळीत असतं. यवतेश्वरचा घाट त्यानंतर.

पंक्चरकाका

टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. ३८२२ असेल तर २०२२ सालचा ३८ वा आठवडा. दोन वर्षं रॅकवर पडलेला मला नको. आणि बदलताना शेजारी उभे राहा. चाकात मोटर आहे, वायर तिथूनच निघते. पोराने टायर उचकटायचा लोखंडी दांडा त्या बाजूला घातला तर टायर १,६०० चा आणि वायर कितीची ते शोरूम सांगेल. एक्सलचे वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत बसले पाहिजेत, आधी फोटो काढा.

बिनपेट्रोली

अपडेट देतो, नवा टायर टाकून तीन आठवडे झाले.

शोरूमचा टायर आला. आकडे वाचले, सव्वादोन वर्षांपूर्वीचा! परत केला, थोडी बाचाबाची झाली. मग टायरवाल्यांकडेच गेलो, ९०/९०-१२, ५४जे, चार महिन्यांपूर्वीचा, दोन्ही बाण असलेला मागवून घेतला. १,७५० बसवून. ते अजून म्हणतात, "१००/९० टाकला असता तर बरं झालं असतं."

फोटो काढले होते, कामाला आले. एक वॉशर उलटा बसत होता.

७०० किलोमीटर झाले. हवा दर दुसऱ्या रविवारी ३२. रेंज टायर बदलल्यावर ७३, आता ७८. म्हणजे बॅटरी म्हातारी झाली असं मी समजत होतो, त्यातलं निम्मं दुखणं कमी हवेचंच होतं. वळवाच्या सरीत एकदा त्याच झेब्रा क्रॉसिंगवरून गेलो, मुद्दाम हळू. काही नाही झालं, पण खांदे अजून आखडतातच.

आता नवा प्रश्न. मुलीने हवा तपासायचा गेज मागवलाय ३५० रुपयांचा. तो पंपापेक्षा २ पीएसआय जास्त दाखवतो. कोणाचं खरं मानू? काका, वाचताय का?

पंक्चरकाका

दोन्ही खोटे असू शकतात. पण रोज एकच खोटा वापरा.