सेदेरला हगादातलं काय वाचावं, काय सोडावं?

ठाणे_पेसाह:
यंदा पेसाह या आपल्या ज्यू सणाच्या पहिल्या रात्री सेदेरला, म्हणजे विधीच्या जेवणाला, घरी १४ माणसं आहेत. आजींना फक्त मराठी वाचता येतं, जावयांना हिब्रू येतं पण मराठी नाही, आणि १० वर्षांखालची तीन मुलं. अख्खी हगादा, म्हणजे त्या रात्री वाचायचं मिसरच्या गुलामीतून सुटकेचं पुस्तक, वाचली तर जेवायला अकरा वाजतात. सोडायचं काय? आणि वेगळं एखादं वाचन घालायचं तर नेमकं कुठे?

दुसरा_प्याला:
कात्री फक्त मग्गीदला, म्हणजे सुटकेची कथा सांगण्याच्या भागाला, लावा. किद्दूश (द्राक्षारसावरचा आशीर्वाद), मत्सा (बिनखमिराची भाकर), मारोर (कडू भाजी), जेवणानंतरची प्रार्थना यांना हात लावू नका.

मग्गीदमध्ये हे राहायलाच हवं: मुलांचे चार प्रश्न, त्यांचं उत्तर ‘आवादीम हायीनू’ (आम्ही फारोचे, म्हणजे मिसरच्या राजाचे, गुलाम होतो), बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या २६:५-८ वरचं विवरण, मिसरवर आलेल्या दहा पीडा, रब्बान गमलिएल या प्राचीन धर्मगुरूच्या तीन गोष्टी, आणि स्तोत्र ११३ व ११४. गमलिएलचा उतारा कितीही उशीर झाला तरी टाळू नका. पेसाह (इथे सणाचं बळीचं कोकरू), मत्सा, मारोर यांचा अर्थ ज्याने सांगितला नाही त्याचं कर्तव्य पुरं होत नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. हा वाचताना मत्सा आणि मारोर उचलून दाखवायचे, त्या कोकराची आठवण म्हणून ताटात ठेवलेलं हाड मात्र उचलायचं नाही.

वेळ कमी असेल तर आधी पीडांचा गुणाकार, म्हणजे रब्बी (धर्मगुरू) पीडांची संख्या वाढवत नेतात तो भाग, सोडा. समुद्रावर ५० पीडा, मग २००, मग २५०, इथे मुलं हमखास पेंगतात. बने ब्राक गावी रात्रभर ही कथा सांगत बसलेल्या पाच रब्बींचा प्रसंग दोन वाक्यांत सांगता येतो.

मुंबई-ठाण्यात एप्रिलमध्ये अंधार पडतो सव्वासातनंतर. साडेसातला किद्दूश झाला आणि मग्गीद पाऊण तासात आवरला, तर पावणेनऊला सगळे ताटावर. आफिकोमन (जेवणाच्या शेवटी खायचा मत्साचा तुकडा) साडेबाराच्या आत खाऊन व्हायला हवा.

पाटावरची_हगादा:
आजींसाठी मराठी हवंच. घरच्यांना कळेल अशा भाषेत सांगावं, हे शुलहान आरूख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथावरच्या रेमा या रब्बींच्या टिपेतही आहे. मराठीतली हगादा मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका मत्सा करताना दिसतात. ते पान मुलांना जरूर दाखवा. पण वाचायला ती जुनी भाषा जड जाते, तेव्हा आजच्या बोलीत लिहून घ्या.

मग्गीदच्या सुरुवातीचा ‘हा लहमा आन्या’ हा उतारा आजींकडे द्या: “ही दैन्याची भाकर. आमच्या पूर्वजांनी मिसर देशात खाल्ली ती हीच. जो भुकेला असेल त्याने यावं, जेवावं.” मूळ उतारा अरामी आहे, म्हणजे सामान्य माणसांच्या बोलीतला, त्यामुळे तो मराठीत फार सहज बसतो.

‘दयेनू’ (आम्हाला तेवढंही पुरे झालं असतं) हे पालुपद असलेलं गीत ओळीओळीने वाटा. एकाने ओळ वाचायची, ‘दयेनू’ सगळ्यांनी म्हणायचं. हिब्रू न येणारेही त्यात येतात.

वेगळं वाचन म्हणून निर्गम १:१५-२१ घ्या, फारोचं न ऐकणाऱ्या शिफ्रा आणि पुआ या सुइणींचा उतारा. विवरणात “आमचे कष्ट, म्हणजे मुलगे” असं येतं, तिथेच तो घाला. फारोने नदीत टाकायला सांगितलेल्या मुलांचाच विषय चालू असतो, त्यामुळे तो उपरा वाटत नाही. दीड मिनिटाच्या वर नको, आणि असं वाचन रात्रभरात एकच.

ठाणे_पेसाह:
ताई, जागा अगदी नेमकी सांगितलीत. पण प्रती तीन वेगवेगळ्या छापाच्या आहेत, त्याचं काय करू?

दुसरा_प्याला:
गोंधळ तिथेच होतो, कारण पानं जुळत नाहीत. पान सांगूच नका. प्रत्येक प्रतीत उताऱ्यांना पेन्सिलीने १ ते १२ आकडे घाला आणि कोण काय वाचणार त्याची चिठ्ठी आत ठेवा. हे सगळं सूर्यास्ताआधी, कारण सणाला लिहिता येत नाही. मोबाइलवरचं भाषांतरही आधीच छापून घ्या.